आकारामची राखण

आकारामचं तोंड रोज सकाळी हुंगायचं काम गावानं त्याच्या बायकोवर, मनुबाईवर सोपवलं होतं.

ते ठरलं देवळापुढच्या पारावर. आकाराम ट्रक चालवायचा. ट्रक लालासाहेबांचा, आणि बैठकीला मधोमध बसलेही लालासाहेबच. वसना नदीकाठचा निम्मा ऊस त्यांचा, सोसायटीचे चेअरमनही तेच. त्यांचा गूळ सांगलीच्या पेठेत पोचवायचा आणि येताना खताची पोती आणायची, हे आकारामचं काम.

आकाराम फौजेत ड्रायव्हर होता. चीनच्या लढाईत त्यानं बर्फातल्या वाटांवरून गाड्या काढल्या होत्या. तिथं थंडीसाठी रम मिळायची. "तिथं सरकारच पाजायचं आन् सरकारच गाडी चालवायला लावायचं," असं तो हसून सांगायचा. गावात परतला तेव्हा इकडं दारूबंदी होती. पण ओढ्याओढ्याला भट्ट्या होत्या, आणि पाहिजे त्याला मिळत होती.

पहिल्यांदा त्यानं एका लांबच्या खेपेला शिरवळजवळ एक बैलगाडी उडवली. बैल गेला, गाडीवान वाचला. लालासाहेबांनी तिथल्या तिथं मिटवलं. दुसऱ्यांदा गावाच्याच शिवेवर नाथाजी सापडला. नाथाजी बौद्धवस्तीतला, रस्त्याच्या कामावर होता. भर दुपारी खडी पसरत असताना ट्रक त्याच्या पायावरून गेला. साताऱ्याला नेल्यावर पाय गुडघ्याखालून काढावा लागला. पोलिसांत जबाब झाले, त्यात ब्रेक लागला नाही असं सगळ्यांनी सांगितलं. नाथाजीनंही तेच सांगितलं. तो काठी टेकत घरी आला, तेव्हा लालासाहेबांनी त्याला मळ्यातल्या इंजिनाच्या राखणीचं काम दिलं.

त्यानंतरची ही बैठक. आकारामनं बेलभंडारा उचलून दारू सोडल्याची शपथ घेतली. लालासाहेब म्हणाले, "शपथ देवापाशी ऱ्हाईल, पर चावी मनुबाईपाशी ऱ्हाईल. रोज सकाळी तिनं तोंडाचा वास घ्यायचा. निर्मळ असला तरच चावी द्यायची. बायकूला कोण फसवणार?"

माणसं हसली. तोडगा सगळ्यांना पसंत पडला. मनुबाई बायकांच्या घोळक्यात मागं उभी होती. तिला कोणी विचारलं नाही. पाराच्या पार टोकाला नाथाजीची बायको शालूबाई उभी होती, ती तेवढं बोलली, "आन् सकाळनंतर?"

बैठक उठली.

पहिले काही दिवस मनुबाईला लाज वाटायची. आकाराम चहा पिऊन उंबऱ्यात उभा राहायचा, ती पदर आवरून जवळ जायची, तो लहान पोरासारखा तोंड उघडायचा. वास चहाचा असायचा, तंबाखूचा असायचा. मग ती कमरेची चावी काढून द्यायची. सासू धोंडुबाई चुलीपुढून म्हणायची, "कुत्र्यावानी हुंगती नवऱ्याला. पुरुषमाणूस दमतोय, कवातरी घोटभर घेतली तर काय पाप हाय?" नदीवर बायका विचारायच्या, "मने, आज कसला वास हुता गं?" आणि एकमेकींकडं बघून हसायच्या.

पुढं लाज गेली आणि संशय आला.

एके सकाळी त्याच्या तोंडाला लवंगेचा वास आला. दाढ दुखतेय म्हणाला. तिनं चावी दिली आणि दिवसभर तिचं कशात लक्ष लागलं नाही. दाढ दुखत होती तर तो भाकरी त्याच बाजूनं का चावत होता? मग तिच्या ध्यानात यायला लागलं, की हा सांगलीहून आला की आधी नदीवर जातो, खळखळून चुळा भरतो, तोंड धुतो आणि मगच घरात येतो. जेवायला तोंडासमोर बसत नाही. आणि ऐन मार्गशीर्षात, अंगावर काटा येईल अशा थंडीत, "आत उकडतंय" म्हणून गोठ्यात जाऊन झोपतो.

ती त्याचं अंथरूण हुंगायला लागली. टॉवेल हुंगायला लागली. तो नसताना गोठ्यातला कडबा उपसून बघितला. काही सापडलं नाही, आणि न सापडल्यानं तिचा संशय कमी झाला नाही. सापडलं असतं तर निदान एक टोक हाताला लागलं असतं. आकाराम मात्र तिच्याशी पहिल्यापेक्षा गोड वागत होता. येताना हळकुंडं आणायचा, काकडी आणायचा. तिला त्या काकडीचीसुद्धा भीती वाटायची.

एकदा वाटेत लालासाहेब भेटले. तिनं धीर करून विचारलं, "आबा, सांगलीत ते काय करत्यात, ह्ये कुनी बघतं का?"

"सकाळी वास आला का?"

"न्हाई."

"मग झालं की. आन् हे बघ, चावी तू देतीस. उद्या काय बरंवाईट झालं, तर गाव तुला इचारंल, मला न्हाई."

ते निघून गेले. मनुबाई तिथंच बांधावर बसून राहिली. बैठकीत सगळे एवढे खूश का झाले होते, ते तिला आत्ता उमगलं. लालासाहेबांचा ट्रक चालू राहिला होता, देवाची शपथ झाली होती, आणि पुढं कोणाच्या अंगावर चाक गेलं तर दोष द्यायला एक बाई तयार ठेवली होती.

तिनं आकारामला सांगितलं की सांगलीच्या गणपतीला नवस बोललेय, मला गाडीतनं न्या. तो जरा थांबला. "ट्रकात बाईमाणूस बरं दिसत न्हाई," म्हणाला. मग म्हणाला, "चल."

तिनं त्याला गाडी चालवताना कधी पाहिलं नव्हतं. रहिमतपूर मागं पडलं, पुसेसावळी गेली, आणि ती गप्प बसून बघत राहिली. वळणावर त्याचा हात असा फिरायचा, की पाठीमागच्या ढेपा हलत नसत. समोरून शेळ्या आल्या की तो लांबूनच गाडी मंद करायचा. एका चढावर त्यानं म्हाताऱ्या बैलगाडीवाल्याला पुढं जाऊ दिलं आणि हात केला. तिला आपल्या नवऱ्याचा अभिमान वाटला, आणि लगेच मनात आलं, की हे मी बसलेय म्हणून तर नसंल?

सांगलीत गूळ उतरवून घ्यायला यल्लाप्पा नावाचा हमाल होता. तो पलीकडच्या मुलखातला, त्याचं मराठी कानडी वळणाचं. त्यानं मनुबाईला पोत्यावर बसायला फडकं अंथरलं, पाणी दिलं. "वैनी, तुमी आला ते बरं झालं. आज आकाराम हितंच बसला बघा."

"एरवी कुटं बसत्यात?"

यल्लाप्पानं आकारामकडं पाहिलं. आकाराम ढेपा मोजून देत होता. "कुटं न्हाई," यल्लाप्पा म्हणाला आणि उगीचच पाठीवरचं पोतं सारखं करत निघून गेला.

देवदर्शन झालं. आकारामनं तिला घाटावरची कृष्णा दाखवली, भजी खाऊ घातली. दिवसभर तो तिच्या नजरेआड झाला नाही. दुपारी खत भरून परत निघाले, तेव्हा तिला स्वतःचाच राग आला होता. एवढ्या चांगल्या माणसाला आपण चोरासारखं बघतो, असं वाटलं.

तासगाव सोडल्यावर त्यानं एका खोपटापाशी गाडी थांबवली. "इंजिनात पाणी घालतो," म्हणाला. सीटमागचा फिरकीचा तांब्या घेऊन गेला आणि आला. इंजिनाचं झाकण त्यानं उघडलं नाही. तांब्या पुन्हा सीटमागं ठेवला, गाडी चालू केली. पुढं दोनदा अशीच गाडी थांबली. दोन्ही वेळा तो तांब्या घेऊन खाली उतरला, ट्रकाच्या मागं गेला आणि तोंड पुसत आला. तिसऱ्यांदा तो परतल्यावर गाडी रस्त्याच्या मधूनमधून चालायला लागली. ऊन कलत होतं. समोरून बाजार करून येणारी माणसं डोक्यावर बोचकी घेऊन चालली होती आणि हॉर्न ऐकून शेतात पळत होती.

"मला तहान लागलीया," मनुबाई म्हणाली. "तांब्यातलं पानी द्या."

"त्ये इंजिनाचं हाय. पिऊ नगं."

"इंजिनाचं तर इंजिनाचं. घसा सुकलाय."

"फुडं हीर लागंल."

"आवं, गाडी थांबवा. मला उतरायचंय."

त्याला वाटलं तिला आडोशाला जायचं असेल. त्यानं गाडी बाजूला घेतली. ती उतरली नाही. हात मागं घालून तिनं तांब्या काढला, फिरकी उघडली आणि दाराबाहेर उपडा केला. वास सगळ्या केबिनमध्ये भरला. तिनं चावी फिरवून काढून घेतली आणि मग उतरली.

आकाराम हातांवर डोकं टेकून बसला होता. "चावी दे, मने."

"न्हाई."

"आंधारायच्या आत घरी पोचू. उद्यापासनं न्हाई पिणार. तुझी शप्पत."

"देवाची घेतली हुती, तिचं काय झालं?"

त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मग हळूच म्हणाला, "लोक म्हंतील, बायकूनं नवऱ्याला रस्त्यात टाकलं."

ती चालायला लागली. मागनं तो येईल, हात धरील, मारील, असं तिला प्रत्येक पावलाला वाटत होतं. तो आला नाही. पुढच्या गावात पोलिसांची चौकी होती. हवालदार खुर्चीत बसून सुपारी कातरत होता. त्यानं तिला खालून वर बघितलं.

"भांडण झालंय का?"

"न्हाई."

"मारलं?"

"न्हाई."

"दुसरी बाई ठेवलीय?"

"न्हाई जी."

"मग नवऱ्याला कशापायी आत घालायला निघालीस? खरं काय ते सांग."

"त्यो पिऊन गाडी चालवतोय. रस्त्यावर माणसं हायेत."

हवालदाराला ते पटलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, की यामागं काहीतरी वेगळं आहे आणि ते आपल्याला शोधून काढायचंय. पण तो उठला. दोघं गाडीपाशी गेली तेव्हा आकाराम पायरीवर बसून झोपला होता. डॉक्टरनं रक्त काढून घेतलं, पंचनामा झाला. मनुबाई रात्रभर चौकीच्या ओट्यावर बसली आणि सकाळच्या एसटीनं एकटीच घरी आली.

धोंडुबाईनं तिच्याशी बोलणं सोडलं. भाकरी थापून द्यायची, पण ताट जमिनीवर सरकवायची. गावात तऱ्हेतऱ्हेच्या गोष्टी उठल्या. कोणी म्हणालं मनुबाईचं सांगलीत कोणीतरी आहे. कोणी म्हणालं, लालासाहेबांच्या भावकीनं तिला फितवलं. ती पिऊन गाडी चालवणाऱ्याला थांबवायला गेली होती, एवढी साधी गोष्ट कोणाला खरी वाटत नव्हती.

खटला उभा राहायच्या आधी ती बौद्धवस्तीत गेली. नाथाजी अंगणात बसून दोरी वळत होता. शालूबाईनं तिला बस म्हटलं नाही.

"नाथाभाऊ, कोर्टात या. तुमचा पाय कसा गेला, त्ये सांगा. ब्रेकचं खोटं हुतं, ह्ये त्यांस्नी कळू द्या."

"लालासाहेबांनी धाडलं व्हय तुला?" नाथाजीनं विचारलं.

"न्हाई."

"मग तुला मला कशात अडकवायचंय? पोलिसांत मीच सांगितलंय ब्रेक लागला न्हाई. आता उलटं बोललो तर खोटं बोलल्याबद्दल मला आत घालतील, आन् हिकडं इंजिनाचं काम जाईल. एका पायावर काय करू?"

शालूबाई दारातून म्हणाली, "माझ्या नवऱ्याचा पाय गेला तवा तुला न्हाई सुचलं ह्ये. तवा तुझा दादला हुता, आमचा न्हवता. आता त्यानं तुला फशिवलं म्हनून आमची आठवन झाली."

मनुबाईनं पदर सारखा केला. ती माघारी वळली. वस्तीच्या टोकापर्यंत शालूबाई मागनं आली, पण ती सोबत करायला आली की ही खरंच जातेय का बघायला आली, ते मनुबाईला कळलं नाही.

नाथाजी कोर्टात आला नाही. आकारामनं गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांनी सरकारी वकिलाला विचारलं, यापूर्वी काही? वकील म्हणाला, काही नोंद नाही. मनुबाई मागं उभी होती, ती तिथूनच बोलली, "हाय. दोनदा हाय. येका माणसाचा पाय गेलाय."

न्यायाधीश तरुण होते. त्यांनी तिला रागावून गप्प केलं नाही. "बाई, ते लिहिलेलं नाही," म्हणाले. "जे लिहिलेलं नाही, ते मला धरता येत नाही." मग त्यांनी निकाल सांगितला. पहिलाच गुन्हा असल्यामुळं कैद थोडी, आणि लायसन एका वर्षासाठी बंद.

पहिलाच गुन्हा. ते शब्द तिच्या डोक्यात घुमत राहिले. शिरवळचा बैल नव्हता, नाथाजीचा पाय नव्हता. गावानं ते दोन्ही इतकं छान मिटवलं होतं, की आकाराम सरकारच्या दृष्टीनं नवाकोरा माणूस होता.

लालासाहेबांनी पुन्हा पारावर बैठक घेतली. ट्रक किती दिवस चौकीत अडकून पडला ते त्यांनी सांगितलं, आणि घरातली गोष्ट घरात न ठेवणाऱ्या बाईला गावानं समज दिली पाहिजे असं म्हणाले. "राखण तुझ्यावर सोपवली हुती, आन् तू गावाची अब्रू चव्हाट्यावर नेलीस."

"राखणच केली, आबा," मनुबाई म्हणाली. एवढंच ती बोलू शकली.

तेव्हा पाराच्या टोकाकडून काठीचा आवाज आला. नाथाजी पुढं आला. त्याला बसायला कोणी जागा दिली नाही, तो उभाच राहिला.

"ब्रेक चांगला हुता," तो म्हणाला. "मी खाली पडलो तवा आकारामनं मला उचललं. रडत हुता. त्याचं तोंड माझ्या तोंडापाशी हुतं. दारूचा भपकारा येत हुता. आबा, मी दवाखान्यात असताना तुमी आला आन् म्हनला, नाथा, ब्रेक म्हन, पोरं उपाशी मरायची न्हाईत. मी म्हनलो. म्या चूक केली. पर त्या बाईला समज देनार असला, तर आधी मला द्या."

लालासाहेब म्हणाले, "उद्यापासनं इंजिनावर यायचं न्हाई."

"न्हाई येत," नाथाजी म्हणाला आणि वळला. शालूबाई त्याच्यासाठी पाराखाली थांबली होती.

ठराव कोणीच मांडला नाही. मनुबाईला समज देण्याचंही राहून गेलं. पण दुसऱ्या दिवशी चार-पाच माणसं लालासाहेबांकडं जाऊन आली. आकाराम सुटून आला तरी तुमच्या गाडीवर त्याला बसवू नका, बसवला तर आमचा गूळ तुमच्या ट्रकात चढणार नाही, असं सांगून आली. त्यात मनुबाईला हसणाऱ्या बायकांचे नवरेही होते. ते खरोखर पोरांच्या काळजीनं गेले, की लालासाहेबांना खाली बघायला लावायची संधी साधायला गेले, हे ज्याचं त्याला ठाऊक.

आकाराम सुटला, पण गावी आला नाही. बरेच दिवस पत्ता नव्हता. मग कोणीतरी बातमी आणली, की तो सांगलीतच आहे, मिरजेकडच्या कुणाच्या ट्रकवर दुसऱ्याच्या लायसनवर गाडी चालवतो. बातमी आणणाऱ्यानं स्वतः बघितलं नव्हतं. मनुबाईला त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी ती एसटीत बसली. निघताना धोंडुबाईनं न बोलता तिच्या हातात भाकरीचं गाठोडं दिलं. त्यात भाकरी दोघांच्या होत्या.

यल्लाप्पानं तिला हळदीच्या पेठेत नेलं. वखारीत धूर साचावा तशी पिवळी धूळ होती. त्या धुळीतून एक माणूस पाठीवर पोतं घेऊन आला, थप्पीवर टाकलं, आणि तिला बघून थांबला. केस, भुवया, कोपरापर्यंत हात, सगळं पिवळं. तिनं आधी त्याच्या खांद्यांकडं बघितलं. ओझ्यानं सोलून निघाले होते.

"गाडी चालवता म्हनं," ती म्हणाली.

"कोन म्हनलं? न्हाई चालवत. यल्लाप्पाला इचार."

"यल्लाप्पानं मागं पन मला खरं सांगितलं न्हवतं."

आकाराम पोत्यावर बसला. त्याचे डोळे लाल होते. हळदीच्या धुळीनं वखारीतल्या सगळ्यांचेच डोळे लाल होते.

"पितो," तो म्हणाला. "रोज न्हाई, कवातरी. सुटली म्हनून सांगितलं तर तुला पटनार न्हाई, आन् त्ये खोटं पन हुईल. पर चाकाला हात लावत न्हाई. लायसन परत मिळायची तारीख यील, तवा मी आनायला जानार न्हाई."

"आन् कुनी बोलीवलं तर?"

"लालासाहेबांचा मानूस येऊन गेला. गावाबाहेरच्या गाडीवर बस म्हनला, कुनाला कळनार न्हाई. म्या न्हाई म्हनलो." तो जरा वेळ हाताची हळद चोळत बसला. "नाथाजी कसा हाय?"

"दोरखंडं वळतो. कोरेगावच्या बाजारात इकतो. शालूबाई बसती बाजाराला."

त्यानं मान हलवली. दोघांनी वखारीच्या दारात भाकरी खाल्ली. घरी चला असं ती म्हणाली नाही, आणि येतो असं तो म्हणाला नाही. उठताना तो म्हणाला, "आईला सांग, काम बरं हाय."

परतीच्या एसटीत तिला ड्रायव्हरच्या मागचीच जागा मिळाली. आकाराम खरं बोलला, असं तिला निम्म्या वाटेपर्यंत वाटत होतं. मग वाटेना. मग पुन्हा वाटलं. त्यानं पितो म्हणून सांगितलं, यातच काहीतरी खरं होतं. पण लालासाहेबांचा माणूस पुन्हा जाईल, दुसरा कोणी जाईल, आणि सांगलीत त्याला बघायला ती नसेल. असायलाही नको होती. एका बाईच्या नाकावर रस्ता सोपवून गावं झोपू शकत नाहीत, हे तिला आता पक्कं कळलं होतं. आणि तो पिवळा माणूस उद्या काय करील, ते मात्र कळायचा मार्ग नव्हता.

तासगावला गाडी थांबली. ड्रायव्हर उतरून टपरीकडं गेला. मनुबाई खिडकीतून बघत राहिली. टपरीवाल्यानं किटलीतून पेल्यात ओतलं, पेल्यातून वाफ निघाली. ड्रायव्हरनं फुंकर घालून चहा संपवला, बिडी ओढली आणि परत आला. त्याला तिची नजर जाणवली असावी.

"काय झालं, मावशी?"

"काय न्हाई," ती म्हणाली. "चालवा."